भाज्यांची बिनपारीची कीश: कोकणातल्या घरी करावी की करू नये?

खाडीकाठ (दापोली)

मंडळी, माझं मत आधीच सांगून टाकते. पावसाळ्यात आपल्याकडच्या घरांत भाज्या घालून बिनपारीची कीश व्हायलाच हवी. कीश हा फ्रान्सच्या लोरेन प्रांतातला पदार्थ. मैदा-लोण्याच्या पारीत अंडी आणि क्रीम फेटून ओततात आणि भट्टीत भाजतात. आपण पारीच गाळायची. पीठ मळा, गार करा, लाटा, आधी नुसती पारी भाजा, हा खटाटोप वाचतो.

माझ्या आग्रहाचं मुख्य कारण सांगते. रविवारी घर भरलेलं असलं की अंड्याचे पोळे करणारी बाई तव्यापाशी उभी. एकेक पोळा पानात पडतो, खाणारे खाऊन उठतात आणि तिच्या वाट्याला शेवटचा, तोही उभ्याउभ्या. कीश ओव्हनमध्ये गेली की तिच्याकडे सारखं बघावं लागत नाही आणि सगळी एकदम पानावर बसतात.

माझं प्रमाण: 4 अंडी, 200 मिली दूध, 100 मिली फ्रेश क्रीम किंवा घुसळलेली साय, शिजवून कोरडी केलेली भाजी 2 वाट्या, किसलेलं चीज अर्धी वाटी, मिरपूड, चिमूटभर जायफळ. आपलं प्रोसेस्ड चीज खारट असतं, म्हणून मीठ बेतानंच. 20 सेंटिमीटरच्या भांड्याला लोणी लावून 160 अंशांवर 35 ते 40 मिनिटं. भांडं हलवल्यावर कडा स्थिर आणि मधला भाग किंचित थरथरता हवा. बाहेर काढून 15 मिनिटं तशीच ठेवा, मग कापा.

सगळी मेख पाण्यात आहे. पारी असली की भाजीचं थोडंफार पाणी ती पिऊन टाकते. इथे ते जाणार कुठे? 100 ग्रॅम दुधीत 95 ग्रॅमच्या आसपास पाणीच असतं. म्हणून दुधी, घोसाळी, कोबी किसून मीठ लावा, पिळा आणि कढईत परता. परतताना चर्र आवाज थांबून भाजी कढईला चिकटू लागली की समजा झाली. शेवग्याचा पाला मात्र मुळातच पालकाहून कोरडा, त्याला पिळायचं काम नाही. अंड्यात तो सुरेख लागतो. अलिबागचा पांढरा कांदा माळेतला शिल्लक असेल तर तो मंद आचेवर बदामी होईपर्यंत परतून घाला.

कोणाला पटत नसेल तर जरूर लिहा.

काळो वाटाणो (कणकवली)

माका ह्यां काय पटाक नाय. बाकीचं सगळ्यांना कळेल असं लिहितो.

ताई, शेवग्याचा पाला म्हटलात म्हणून राहवलं नाही. आमच्याकडे गोकुळाष्टमीला शेवग्याच्या पाल्याची भाजी, आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याची उसळ होते. त्या भाजीला कांदा, मिरची आणि ओलं खोबरं एवढंच लागतं. पाल्याचा जो हिरवा, किंचित कडवट वास आहे तो खोबऱ्यात खुलतो. तुम्ही त्यावर क्रीम आणि चीज घातलंत की खाणाऱ्याला चीजच लागणार. मग पाला घातला काय आणि गवत घातलं काय!

दुसरं म्हणजे, कोकण हा नारळाचा मुलूख. दूधदुभतं घाटावर. आपल्या आयांनी जे काही मऊ आणि दाट केलं ते नारळाच्या रसावर. आज गावातल्या दुकानात क्रीमचा डबा मिळतो म्हणून भाजी त्यात बुडवायची, याला माझा ठाम विरोध आहे. अंडी आणि भाजी एकत्र हवी तर पोळा आहे, भुर्जी आहे. दहा मिनिटांत पानात.

खाडीकाठ

चीज भाजीवर चढतं हा तुमचा मुद्दा मान्य. पण त्यावर उपाय चीज कमी करण्याचा आहे. लोरेनच्या जुन्या पद्धतीत चीज नव्हतंच. अंडी, क्रीम आणि खारवलेलं डुकराचं मांस, एवढंच. चीज नंतर आलं, नुसत्या भाज्यांची कीश त्याहीनंतर. तेव्हा पाल्याच्या कीशमध्ये चीज अजिबात न घालता करून बघा, मीठ थोडं वाढवा.

आणि दहा मिनिटांत पोळा एकाचा होतो हो. सहा जणांचा हिशेब करा आणि तव्यापाशी कोण उभं राहतं तेही सांगा.

काळो वाटाणो

आमच्या घरी मी उभा राहतो. तेवढ्यासाठी पदार्थ बदलायची गरज वाटली नाही. माणसं बदलली तरी चालतं.

वेळास बीच (मंडणगड)

काळो वाटाणो यांचं शेवटचं वाक्य आवडलं, पण सगळ्या घरांत तसं होत नाही हेही खरं. मी खाडीकाठ यांच्या बाजूने.

थोडं शास्त्र. नुसतं अंडं 70 अंशांच्या आसपास घट्ट होतं. दूध मिसळलं की ते 80 अंशांच्या आसपास जातं. त्याच्या फार वर गेलं की अंड्यातल्या प्रथिनांचं जाळं आवळत जातं आणि धरून ठेवलेलं पाणी सोडतं. कीशच्या तळाला जे पिवळट पाणी साचतं, त्यात भाजीचं किती आणि जास्त भाजल्यामुळे सुटलेलं किती, हे वेगळं ओळखता येत नाही. पारी असली की कडेच्या मिश्रणाला भांड्याची आच थेट लागत नाही. पारी काढली की ते संरक्षण जातं, म्हणून बिनपारीच्या कीशला आच कमी हवी. पाककृतींत 180-190 अंश लिहिलेलं असतं, तिथे कडा रबरासारख्या होतात. 160 बरोबर आहे. काचेचं भांडं गरम पाण्याच्या ताटात ठेवून भाजलं तर अजून मऊ होते.

मिश्रणात 2 चमचे तांदळाचं पीठ कालवलं तर मिश्रण फाटण्याचा धोका बराच कमी होतो. पिठातला स्टार्च त्या प्रथिनांच्या मध्ये येतो आणि जाळं आवळू देत नाही. आणि ते पीठ आपल्या प्रत्येक घरात असतं.

न्याहारीवाली (गुहागर)

मी घरी पाहुणे उतरवते. या विषयावर रोज विचार करावा लागतो, म्हणून लिहिते.

माझ्याकडे कीश होणार नाही. पुण्या-मुंबईचा माणूस पहाटे निघून, घाट उतरून येतो तो घावन-चटणी, आंबोळी, मोकळ भाजणी खायला. त्याच्या शहरातल्या बेकरीत कीश कापून मिळते. ती मी त्याला का वाढू? माझ्या शेजारणीला घावन करायला सकाळचं काम मिळतं. ओव्हनमध्ये ट्रे सरकवायचा म्हटलं तर तिची गरज उरत नाही. तुम्ही ज्याला सुटका म्हणता त्यावर आमच्या वाडीतल्या बायकांची चूल चालते.

आणि कष्ट वाचतात असं म्हणता, ते मला दिसत नाहीत. भाजी किसा, मीठ लावा, पिळा, परता, गार करा. तेवढ्यात घावनाचं पीठ भिजवून चटणीही वाटून होते. कीशचं काम संपत नाही, तव्यावरून विळीवर आणि कढईवर जातं एवढंच.

खाडीकाठ

ताई, पाहुण्यांच्या पानाबद्दल तुमच्याशी वाद नाही. तिथे घावनच हवं. मी बोलतेय ते घरच्या रविवारबद्दल. कष्टांचं म्हणाल तर पिळणं-परतणं आदल्या संध्याकाळी करून भाजी फ्रिजमध्ये ठेवता येते. सकाळी फक्त अंडी फेटायची. घावन आदल्या रात्री घालून ठेवता येत नाही.

लाल माठ (रोहा)

वीज! यावर कोणीच बोलत नाही. ओटीजी, म्हणजे ओट्यावरचा छोटा ओव्हन, दीड-दोन हजार वॅट खातो. आषाढात आमच्याकडे वारा सुटला की लाइट जाते आणि कधी येईल याचा नेम नसतो. छोट्या इन्व्हर्टरवर ओव्हन चालत नाही. अर्धी भाजलेली अंडी-दुधाची थाळी घेऊन बसायचं का? ती तशीच दोन-तीन तास दमट हवेत राहिली तर खाऊ नये, पोट बिघडतं. उरलेली फ्रिजमध्ये ठेवावी म्हटलं तर फ्रिजही बंद. ज्या ऋतूत ही करा म्हणताय, तोच ऋतू तिच्या मुळावर आहे.

आणि हो, लाल माठ घालू नका. अख्खं मिश्रण गुलाबी होतं आणि मुलं हात लावत नाहीत.

वेळास बीच

ओव्हनवाचून अडत नाही. कुकरची शिट्टी काढा, तळाला पाणी, त्यावर जाळी, जाळीवर भांडं. भांड्याच्या तोंडाला फॉइल घट्ट बांधा, नाहीतर झाकणाचं पाणी टपटप आत पडतं. पाणी उकळलं की आच बारीक. 25 मिनिटांनी सुरी घालून बघा. वरून लाली येत नाही, पण गार झाल्यावर तुकडे कापून तव्यावर तुपात एक बाजू खरपूस करता येते.

उरण्याचा प्रश्न खरा आहे. त्यावर उत्तर म्हणजे लहान करा. 2 अंड्यांची, एका वेळेस संपेल एवढीच.

निखारे (राजापूर)

कुकर कशाला, आपल्याकडे तवशाचं धोंडस (मोठ्या काकडीचा गोड केक) कसं करतात? जाड बुडाचं पातेलं, खाली मंद जाळ, झाकणावर निखारे. वरून-खालून आच देऊन भाजायचं कसब कोकणाला ओव्हन यायच्या आधीपासून ठाऊक आहे. चूल असेल त्याने तसंच करावं. माझी आई धोंडसाचं झाकण उघडायच्या आधी वास घ्यायची, घड्याळ बघत नसे. अंड्याला त्याहून हलकी आच पुरते, निखारे थोडे आणि राखेने झाकलेले हवेत.

तरीही माझं मत काळो वाटाणो यांच्याकडे झुकतं. भट्टी आपली आहे तर रसही आपला घ्या. गाईच्या दुधाच्या जागी नारळाचा पहिला दाट रस.

पाव वाटी साय (चिपळूण)

नारळाच्या रसात अंडं नीट धरणार नाही. दुधातले क्षार अंड्याला घट्ट व्हायला मदत करतात, तसे ते रसात नाहीत. शिवाय रस तापला की फाटून तेल वर येतं. उगाच अंडी वाया घालवू नका.

निखारे

धरतं. थायलंडात नारळाचं दूध आणि अंडी एकत्र वाफवून गोड संखया करतात, तो चांगला घट्ट असतो. जपानमध्ये तर तिखटमिठाचं अंडं नुसत्या माशाच्या पाण्यात वाफवतात, दुधाचा थेंब नसतो. क्षार हवेत हे बरोबर, पण ते काम मीठ करतं. तेल सुटतं ते रस खळखळ उकळल्यावर. वाफेवर बारीक आचेत तेवढी वेळ येत नाही. वर वेळास बीच यांनी सांगितलेलं तांदळाचं पीठ घाला म्हणजे धास्ती नको.

काळो वाटाणो

निखारेदादा, आता तुम्ही माझ्या घरातलं बोललात. नारळाचा रस, अंडी, शेवग्याचा पाला, हिरवी मिरची, पातेल्यात वाफवून. हे मी खाईन. पण मग लोरेनची गरज उरते कुठे?

खाडीकाठ

अंड्याला दीडपट पातळ रस देऊन मंद आचेवर धरवायचं, हे प्रमाण तिथूनच आलं ना? आपल्या पोळ्यात ते नाही. भुर्जीत नाही. तेवढं श्रेय द्यायला काय हरकत आहे?

माझ्या घरी क्रीमचीच होणार. जायफळाचा वास दुधाबरोबरच जमतो, नारळाबरोबर मला तो जड वाटतो. तुम्ही मिरची घाला, मी मिरी घालते.

शेवळं आणि सोडे (अलिबाग)

एक कळकळीची विनंती. रानभाज्या म्हणून उत्साहात कोणी शेवळं घालू नका. शेवळं घशाला खाजतात, म्हणून ती चांगली शिजवून काकडांच्या (काकड हे एक आंबट रानफळ) आंबट रसात करतात. तो आंबटपणा दुधात पडला की दूध फाटणार, आणि नाही घातला तर घसा धरणार. दोन्हीकडून नुकसान. टाकळ्याची कोवळी पानं चालतील, तीही परतूनच.

पांढऱ्या कांद्याबद्दल खाडीकाठ यांना अनुमोदन. 2022 मध्ये आमच्या कांद्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तेव्हापासून माळांमध्ये भलताच कांदा मिसळून विकणारे वाढले असं मला वाटतं, तेव्हा घेताना बघून घ्या. अस्सल कांदा कच्चा खाल्ला तरी गोडसर लागतो. तो परतून इतका गोड होतो की त्याच्या कीशला जायफळ नको, चीजही नको. मिरपूड मात्र भरड हवी.

नवीन स्वयंपाकीण (देवगड)

श्रावणात अंडी बंद होतात आमच्याकडे. बिनअंड्याची जमेल का? बेसन-दह्याची?

वेळास बीच

जमेल, खमंगही होईल, पण ती मऊ धरण्याची गंमत अंड्याचीच. बेसनाची भाजाल तर तिची तुलना वडीशी करा, कीशशी करू नका. श्रावणाआधी एकदा अंड्याची करून बघा.

नवीन स्वयंपाकीण

आषाढ संपायच्या आत करते. अर्धी दुधाची, अर्धी नारळाच्या रसाची, दोन वेगळ्या भांड्यांत, एकाच कुकरला. झाडावर नीरफणस तयार आहे, त्याचे पातळ काप तळाला लावले तर पाणी शोषतील का?

खाडीकाठ

शोषतील, नीरफणसात पिठूळपणा भरपूर. काप आधी दोन्ही बाजूंनी तेलावर कोरडे करून घ्या.

काळो वाटाणो

काप तळलेतच तर चार बाजूला काढून ठेवा, रवा लावून. आणि रसाच्या भांड्यात क्रीमचा चमचा चुकूनही घालू नका.