नोकरीत माणूस फुलतोय की नुसता टिकून आहे, हे विचारायचं कसं?

माणगंगा: जत, आटपाडी, कवठेमहांकाळ पंचायत समित्यांच्या कर्मचाऱ्यांसाठी प्रश्नावली करतेय. ‘समाधानी आहात का?’ म्हटलं की सगळे ‘हो’ लिहितात. पुढे काय हवं विचारलं की पुरुष पदोन्नती आणि टेबल (वाटून दिलेलं काम) सांगतात, महिला वेळ आणि वागणूक. दोघांना खरंच वेगळं हवंय, की माझा प्रश्न चुकतोय?

कृष्णाकाठ: प्रश्न चुकतोय, ताई. व्यवस्थापनशास्त्राच्या अभ्यासक ग्रेचेन स्प्रायट्झर आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये कामात फुलण्याच्या दोन बाजू मांडल्या: शिकणं आणि उत्साह. दोन्ही असतील तरच फुलणं. हे मोजण्यासाठी 2012 मध्ये आलेल्या मोजपट्टीत दोन्हींसाठी प्रत्येकी 5 विधानं आहेत. दोन्हींचे गुण वेगळे लिहा, नुसत्या बेरजेत सगळं झाकलं जातं. मार्चअखेरीला लेखा विभागातला माणूस शिकत असतो, पण पार थकलेला असतो. वर्षानुवर्षं आवक-जावक सांभाळणारीचा उत्साह टिकतो, शिकणं थांबतं. त्यावरून ‘बायकांना निवांत टेबलच आवडतं’ असा निष्कर्ष काढणं अन्यायाचं आहे. ते टेबल तिनं मागितलं होतं की ‘सोय’ म्हणून दिलं, हा प्रश्न घालाच.

आणि तुलना पदनिहाय करा. गावोगाव फिरणारा ग्रामपंचायत अधिकारी आणि कार्यालयातली कनिष्ठ सहायक यांची उत्तरं शेजारी ठेवलीत, तर फरक कामाचा दिसेल, स्त्री-पुरुषाचा नाही.

वारणाकाठ: रजेचा प्रश्न जपून घाला. 2018 च्या शासन निर्णयातली 180 दिवसांची बालसंगोपन रजा महिलांना आहे. पुरुषाला ती पत्नी हयात नसेल किंवा अंथरुणाला खिळलेली असेल तरच मिळते. ‘रजा मिळते का’ विचारलंत तर दोघं दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलतील. ‘घरच्या जबाबदारीमुळे या महिन्यात कोणतं काम किंवा प्रशिक्षण सोडावं लागलं?’ हे दोघांनाही विचारा. आजारी वडिलांचं करणारा पुरुष तेव्हाच कागदावर येतो.

माणगंगा: पदनिहाय केलं तर गट फार लहान होतात. एका तालुक्यात विस्तार अधिकारी महिला एकच असेल, तर नाव न लिहिताही ओळखू येईल.

कृष्णाकाठ: म्हणून तिन्ही तालुके एकत्र धरा, आणि पाचपेक्षा कमी माणसांचा गट वेगळा दाखवू नका. वय आणि सेवेची वर्षं नेमकी न विचारता टप्प्यांत घ्या. अर्ज कार्यालय अधीक्षकांमार्फत गोळा केलेत तर खरं कुणी लिहिणार नाही, बंद पेटी ठेवा. एप्रिल-मे टाळा, तेव्हा गोपनीय अहवाल आणि बदल्यांची धास्ती असते.