आधी लर्न बटनचा रंग बघा
नवीन रिमोट आणला, सेल नवीन तरी गॅरेजचं दार ढिम्म हलत नाही असं झालं असेल, तर आधी शिडी लावून दार उघडणाऱ्या मोटरच्या (ओपनरच्या) डब्यावरचं लर्न बटन, म्हणजे नवीन रिमोट जोडायचं बटन, कुठल्या रंगाचं आहे ते बघा. लिफ्टमास्टर-चेंबरलेन कंपनीच्या ओपनरमध्ये जांभळं म्हणजे ३१५ मेगाहर्ट्झचा रेडिओ सिग्नल, लाल किंवा केशरी म्हणजे ३९० आणि पिवळं म्हणजे सिक्युरिटी प्लस २.० ही त्यांची नवीन सिग्नल पद्धत, त्यामुळे जांभळ्याचा जुना रिमोट पिवळ्याला कितीही दाबा, जुळायचा नाही. रंग जुळला तर काम दोन मिनिटांचं, बटन दाबून सोडायचं, शेजारचा दिवा लागला की ३० सेकंदांच्या आत रिमोटचं बटन दाबून धरायचं, वरचा बल्ब लुकलुकला की झालं. लर्न बटन दाबून लगेच सोडायचं हं! मी पहिल्यांदा नीट बसावं म्हणून चांगलं सात-आठ सेकंद धरून ठेवलं आणि घरातले सगळे रिमोट, बाहेरच्या कीपॅडसकट, पुसले गेले, बायको ऑफिसातून आली ती बर्फात ड्राइव्हवेवर हॉर्न वाजवत बसलेली :) आणि रिमोट दाराजवळून चालतो पण रस्त्यावरून नाही असं असेल तर ओपनरमधला एलईडी बल्ब काढून बघा, काही बल्ब सिग्नलमध्ये लुडबुड करतात, आमच्याकडे शेवटी तेच निघालं.