मदत हवी आहे: पहिली गाडी, सेकंड हँड स्टेशन वॅगन (पुणे)... आणि दोन तंबोरे

नमस्कार मंडळी,

पहिली गाडी घेतेय. सेकंड हँडच घ्यायची हे पक्कं. बजेट चार लाख, फार ताणलं तर साडेचार, आणि त्यातच ट्रान्सफर, इन्शुरन्स, टायर, बॅटरी सगळं आलं. राहायला कर्वेनगर. रोजचं येणं-जाणं स्कूटरवर होतं, ते तसंच राहणार. गाडी हवी ती कार्यक्रमांना आणि अधूनमधून आई-बाबांना साताऱ्याला न्यायला. वर्षाला पाच-सहा हजार किलोमीटर झाले तरी डोक्यावरून पाणी.

खरी गोची पुढे आहे. मी गाते, आणि सोबत मिरजेच्या तंबोऱ्यांची जोडी असते. मोठा तंबोरा खोळीसकट पावणेपाच फूट. गाडीत उभा नेता येत नाही, अंगावर काही ठेवता येत नाही, भोपळा गादीवर आणि घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) वर अशी त्याची बडदास्त ठेवावी लागते. सेडानच्या डिकीत तो जात नाही. लहान हॅचबॅकमध्ये मागची सीट पूर्ण पाडली तर जातो, पण मग तबलेवाल्या दादांना कुठे बसवू? सध्या भाड्याची गाडी करते. गेल्या पावसाळ्यात एका ड्रायव्हरने खड्ड्यात दणकून गाडी घातली आणि भोपळ्याला चीर गेली. तंबोरा दुरुस्तीला मिरजेला, आणि कार्यक्रम उसन्या जोडीवर. तेव्हापासून स्टेशन वॅगन डोक्यात बसलीय. सेडानसारखी बुटकी, मागे लांब सपाट जागा, दार वर उघडणारं. शिवाय आमच्या सोसायटीत स्टॅक पार्किंग (एकावर एक ट्रेमध्ये गाड्या) आहे आणि माझ्या वाट्याला आलेल्या ट्रेवर उंच गाडी बसत नाही.

आतापर्यंत दोन गाड्या पाहिल्या. एक इंडिगो मरिना डिझेल, 2007 ची, सहकारनगरातली, पहिलाच मालक, सव्वा लाख म्हणतायत. दुसरी ऑक्टाव्हिया कॉम्बी, 2006 ची, साडेतीनच्या खाली यायला तयार नाहीत. गाडी मात्र अशी की बघत राहावं. बाकी जिथे जाईन तिथे "मॅडम, अर्टिगा घ्या ना" हेच ऐकतेय.

मरिना घेऊन वरचे पैसे तिच्यावर खर्च करावेत का? कॉम्बीचा नाद सोडावा का? की वॅगनचाच हट्ट सोडून दुसरं काही बघावं? इंजिनातलं मला काही कळत नाही, त्यामुळे सांगताना जरा मराठीत सांगा.

जुनाडिझेल:
ताई, वॅगनचा हट्ट चुकीचा नाही, फक्त तो आपल्या देशात उशिरा सुचलेला हट्ट आहे. टाटा इस्टेट 1992 साली आली, आपल्या पिंपरीचीच गाडी. मग ओपेल कोर्सा स्विंग, बलेनो अल्टुरा, फियाटची वीकएंड, मरिना, कॉम्बी. एकही धड खपली नाही. लोकांना डिकी वेगळी दिसणारी गाडी हवी होती, ही त्यांना रुग्णवाहिका वाटायची. याचा आजचा अर्थ एवढाच की बाजारात वॅगन आहेत त्या सगळ्या म्हाताऱ्या.

मरिनाचं नीट ऐका. तिचं 1405 सीसीचं इंजिन इंडिकाच्या घराण्यातलं. कुठलाही मेकॅनिक डोळे मिटून खोलेल, आणि पुढच्या दारांपर्यंतचा बहुतेक माल नाना पेठेत मिळेल. प्रश्न मागच्या अर्ध्या भागाचा. मागचं दार, त्याची काच, बाजूच्या लांब काचा, दार उचलून धरणारे गॅसचे दांडे, हे मरिनाचं मरिनालाच लागतं. चांदणी चौकात कुणी मागून ठोकलं तर इंजिन ठणठणीत असूनही गाडी महिनाभर प्लास्टिकचा कागद लावून उभी राहील. तुमचं सगळं सामान नेमकं तिथेच.

कॉम्बीचं 1.9 टीडीआय इंजिन जबरदस्त, यात वाद नाही. पण टायमिंग बेल्ट (इंजिनातले व्हॉल्व्ह वेळेवर उघडझाप करवणारा पट्टा) कधी बदलला याचं बिल नसेल तर तो बदललेला नाही असंच धरायचं. बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह गेले. ही गाडी दुसरी गाडी म्हणून ठेवायची, आणि मालकाला गॅरेजात रविवार घालवायची हौस असेल तरच. तुम्हाला रविवारी मैफल असते.

माझं मत: वॅगनचा आकार शोधू नका, वॅगनचं काम करणारी आणि दहा-अकरा वर्षांच्या आतली पेट्रोल गाडी शोधा. अर्टिगा किंवा होंडा जॅझ. दोन्हींत टायमिंग चेन आहे, बेल्टची कटकट नाही. पाच-सहा हजार किलोमीटरसाठी डिझेल घेण्यात काही अर्थ नाही.

आणि एक काम करा. तंबोऱ्याच्या मापाचा पुठ्ठा कापा, भोपळ्याच्या गोलासकट. गाडी बघायला जाताना तो सोबत न्या. लिटरमधले आकडे घेऊन काय करणार, पुठ्ठा बसला तर तंबोरा बसेल.

पेठेतला:
इलेक्ट्रॉनिक तानपुरा घ्या. हँडबॅगेत मावतो. चार लाख वाचले.

कर्वेनगरी (धागाकर्ती):
@पेठेतला, आणि गाण्याऐवजी रेकॉर्डिंग लावलं तर मीही घरीच थांबेन. पेट्रोलही वाचेल.

@जुनाडिझेल, पुठ्ठ्यासाठी साष्टांग नमस्कार! फ्रिजच्या खोक्यातून दोन कापले. आता वॉचमनकाकांपासून सगळे विचारतायत की ताई, गणपतीचं डेकोरेशन आत्ताच?

आरटीओ_पीडित:
कागदांचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. खाजगी गाडीचं रजिस्ट्रेशन 15 वर्षांचं. त्यापुढे फिटनेस करून 5-5 वर्षांनी नूतनीकरण, वर पर्यावरण कर. 2022 च्या एप्रिलपासून मोटारीची नूतनीकरण फी 600 वरून थेट 5000 झाली, आणि 2025 मध्ये 20 वर्षांवरच्या मोटारींना ती 10,000 केली. 2007 ची मरिना 2027 मध्ये वीस वर्षांची होते. कॉम्बी तर त्याच्याही वर्षभर आधी. एवढ्या जुन्या गाडीला इन्शुरन्सवाले थर्ड पार्टी हसत देतात, स्वतःच्या नुकसानीचं कव्हर मागितलं की कां-कू सुरू.

अर्टिगा बघणार असाल तर आधी टॅक्सी होती का ते बघा. पुष्कळ अर्टिगा पिवळ्या पाटीवर पळून नंतर खाजगी झालेल्या असतात. एमपरिवहन या सरकारी ॲपवर नंबर टाका, आणि ब्रेक-क्लचच्या पेडलचं रबर बघा. मीटर चाळीस हजार दाखवतंय आणि रबर गुळगुळीत झालंय, तर मीटर खोटं बोलतंय. सीएनजीवाली घेऊ नका, मागची जागा सिलिंडरच खातो, आणि दर तीन वर्षांनी त्याची टेस्ट. दिल्लीकडची गाडी स्वस्तात दाखवतील, तीही नको. एनओसी आणा, इथला रोड टॅक्स भरा, स्वस्ताई तिथेच संपते.

ओढ्याकाठचा:
सहकारनगर वाचून थांबलो. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला तेव्हा मरिना कुठे उभी होती, हे मालकांना सरळ विचारा. सिंहगड रोडची गाडी असेल तर जुलै 2024 चं विचारा, एकतानगरीत पाणी शिरलं होतं तेव्हाचं. आरसीवर यातलं काहीच दिसत नाही, आणि सीट कव्हर नवी टाकली की गाडी चकाचक. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. सीटखालच्या पट्ट्यांमध्ये बोट फिरवा. स्टेपनी उचलून खालच्या खळग्यात वाळू आहे का ते बघा. आणि काचा बंद करून पाच मिनिटं आत बसा, एसी न लावता. नाकाला कळतं.

कर्वेनगरी (धागाकर्ती):
मंडळी, अपडेट.

मरिना बाद. मालक सज्जन माणूस, म्हणाले पाणी चाकापर्यंतच आलं होतं. बेल्ट पूर्ण ओढला तर शेवटच्या वीतभर पट्ट्यावर मातकट रेघ, आणि तिच्याखालचा पट्टा वरच्यापेक्षा कडक. मी काही बोलले नाही, त्यांनीही पाहिलं. चहा मात्र आग्रहाने पाजला. कॉम्बी तुम्ही सगळ्यांनी मिळून सोडवलीत, मनातून जायला वेळ लागेल.

अर्टिगात मागची रांग पाडून, मधल्या सीटचा एक भाग दुमडला की दोन्ही पुठ्ठे आरामात बसले. दोन सीटांच्या पातळीत थोडा फरक राहतो, पण वर फळी आणि गादी टाकली की झालं. माणसांनाही जागा उरते. पण आमच्या ट्रेवर ती उंचीला बसेना, आणि सोसायटीत खालची जागा बदलून मिळणं म्हणजे दोन वार्षिक सभांचं काम.

जॅझ मात्र बसली. 2016 ची पेट्रोल, एकच मालक, कोथरूडची. मागच्या सीटचा मोठा भाग पाडला की दोन्ही पुठ्ठे शेजारी-शेजारी, आणि उरलेल्या सीटवर दादा. तबला-डग्गा त्यांच्या पायाशी. डीलरने सांगितलं होतं की सगळ्या जॅझमध्ये मॅजिक सीट (बसायचा भाग वर उचलता येणारी मागची सीट) असते. तसं नाही. एका गाडीत मी सीटचा खालचा भाग वर उचलायला गेले तर तो हललाच नाही. ज्यांना बघायची आहे त्यांनी स्वतः उचलून बघा. आई-बाबा आणि तंबोरे एकत्र जाणार नाहीत, पण साताऱ्याला तंबोरे लागतातच असं नाही.

गाडी सकाळी थंड असताना सुरू करून पाहिली, कात्रजच्या जुन्या घाटात चालवून पाहिली. टायरवर 2319 लिहिलंय, म्हणजे 2019 च्या तेविसाव्या आठवड्यातले. ते बदलावे लागणार, त्याचे पैसे कमी करून घेतले. चार लाख पाच हजारांवर आलेत. नवी नंबरप्लेट त्यांनी लावून घेतलीय.

आता एकच अडकलंय. जॅझच्या मालककाकांचं कर्ज फिटून वर्ष झालंय म्हणतात, पण आरसीवर बँकेचं नाव अजून दिसतंय. "होईल हो ते, तुम्ही पैसे ट्रान्सफर करा, आपण घरचेच" असं काका म्हणतायत. करू का?

आरटीओ_पीडित:
मुळीच नाही. बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 भरून आधी त्यांच्याच नावावर असताना बोजा उतरवून घ्या. ते झाल्यावर फॉर्म 29 आणि 30 वर सह्या. तोपर्यंत पाच-दहा हजार टोकन द्या, कागदावर लिहून. काका चांगलेच असतील, पण बँकेला त्यांचा स्वभाव माहीत नसतो. आणि त्यांचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल इन्शुरन्समध्ये मिळणारी सूट) तुम्हाला मिळत नाही, तो माणसाचा असतो, गाडीचा नाही. तेव्हा इन्शुरन्सचा हिशेब त्याशिवाय धरा, आणि गाडी घेतल्यापासून 14 दिवसांच्या आत पॉलिसी तुमच्या नावावर करायला टाका. थकलेली ई-चलनंही बघा, कोथरूडची गाडी आहे, दोन-चार निघतीलच.

जुनाडिझेल:
वरचं सगळं बरोबर. चार टायर घ्याल तेव्हा अलाइनमेंट करून घ्या, आणि हवा कंपनीने दारावर लिहिलीय तेवढीच भरा. पंपावरचा पोऱ्या सगळ्यांनाच पस्तीस मारतो. दगडासारखे टायर झाले की भोपळ्याला प्रत्येक स्पीडब्रेकर कळतो.