प्रतिसाद : नाव कोरलेलं असू शकतं

"पार्थिव घरी आलंच नाही, मग तसबिरीला हार घालण्यापलीकडे काय करणार?" परदेशातल्या युद्धात पडलेल्या सैनिकाविषयीच्या वरच्या लेखात हे वाचलं आणि आमच्याच घरची गोष्ट आठवली. आजीचे थोरले काका दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीतून इटलीत लढताना गेले. गावी आली ती फक्त तार. नेमकी तिथी कळली नव्हती, म्हणून पितृपक्षात चतुर्दशीला, शस्त्राने मेलेल्यांच्या दिवशी, त्यांचं पान वाढायचं असं पणजोबांनी ठरवलं. ते आजही वाढतो.

पण समाधी नाही म्हणजे कुठेच खूण नाही, हे मात्र पटत नाही. माणगावजवळच्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत धारातीर्थी पडले. व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालेल्या या वीराचीही ज्ञात कबर नाही, मात्र नाव इटलीतल्या कॅसिनो गावच्या युद्धस्मारकावर कोरलेलं आहे. माणगावात त्यांचा पुतळा आहे, आणि २०२३ साली इटलीतल्या मोंतोने गावात त्यांच्या स्मरणार्थ सौरघड्याळ उभं राहिलं.

महायुद्धांत पडलेल्या सैनिकांच्या कबरी आणि स्मारकांची नोंद ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर आडनाव आणि पलटण टाकून शोधता येतं. कारकुनांनी मराठी नावं ऐकू येतील तशी लिहिली आहेत, तेव्हा स्पेलिंग बदलून बघा. पुष्कळ नोंदींत वडिलांचं किंवा बायकोचं नाव आणि गावही असतं. आम्हाला चौथ्या प्रयत्नात सापडलं. थोरल्या काकांचं नाव पडद्यावर दिसलं तेव्हा आजी त्यावरून कितीतरी वेळ बोट फिरवत होती.