चाळिशीतलं खाणं आणि म्हातारपणीचा मेंदू, खरंच काही संबंध आहे का?

रात्रपाळी_४६
आईला दोन वर्षांपूर्वी डिमेन्शियाचं निदान झालंय. परवा साखरेचा डबा फ्रीजमध्ये सापडला आणि तोवर तिने अख्खं घर पालथं घातलेलं. तेव्हापासून डोक्यात एकच चालूय, मी आत्ता जे अबरचबर खातोय ते सत्तरीत अंगाशी येणार का? दिवसभर डेस्कवर बिस्किटं, जेवायची वेळ नाही, मागच्या वेळी बीपी १४२/९० आलं. ओमेगा-३ च्या गोळ्या सुरू करू का?

चष्मा_कुठेय
गोळ्या राहू दे रे, आधी बीपी डॉक्टरला दाखव. मेंदूचं वजन शरीराच्या २ टक्के पण ऊर्जा खातो २० टक्के, सगळा रक्तावर चालतो आणि बीपी-शुगरने आधी वाट लागते ती बारीक रक्तवाहिन्यांची. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४ च्या अहवालात डिमेन्शियाची टाळता येण्यासारखी १४ कारणं दिलीत, त्यात मध्यम वयातलं बीपी, डायबेटिस, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल), लठ्ठपणा हे चारही आहेत आणि चारही बऱ्यापैकी ताटातूनच येतात. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट एक छोटा चमचा. गोड बिस्किटातही मीठ असतं बरं का, पाकिटामागचं सोडियम वाच एकदा.

खडूस
मी जरा विरजण घालतो. लंडनच्या सरकारी कर्मचाऱ्यांचा व्हाइटहॉल २ अभ्यास आहे, ८ हजारांवर लोक, पन्नाशीच्या आसपास काय खायचे ते नोंदवलं आणि पुढे जवळपास २५ वर्षं पाहिलं, तर आहार आणि डिमेन्शियाचा थेट संबंध काही दिसला नाही (२०१९). माइंड डाएटची (मेंदूसाठी म्हणून पालेभाज्या, बेरी, सुकामेवा वगैरेवर भर देणारा आहार) ट्रायलही २०२३ मध्ये तशीच गेली, ३ वर्षांत तो आहार घेणारे आणि नेहमीचं खाणारे अशा दोन गटांत फरक नाही.

चष्मा_कुठेय
@खडूस पण त्या ट्रायलमधले सगळे ६५ च्या पुढचे, आणि दुसऱ्या गटालाही कॅलरी कमी करायला लावलेल्या, वजन दोघांचंही उतरलं. मेंदूत अमायलॉइड (अल्झायमरशी जोडलेलं प्रथिन) साचायला लक्षणांच्या १५-२० वर्षं आधीच सुरुवात होते, ३ वर्षांत काय कळणार?

खडूस
मान्य. म्हणून तर म्हणतो, एखाद्या 'सुपरफूड'च्या मागे लागू नका. पालेभाज्या, डाळी, मासे, सुकामेवा खा पण मोजायचं ते बीपी.

पानपिसारा
बी१२ पण तपास. मला बोलता बोलता शब्दच आठवेनात, घाबरून गेले होते, बी१२ फार कमी निघालं.

रात्रपाळी_४६
थँक्स सगळ्यांना. बीपी मशीन मागवतोय, मनगटाचं चालेल का?

चष्मा_कुठेय
दंडाचंच घे. आणि पाच मिनिटं गप्प बसून मग मोज, बिस्किट खात खात नको 😄