एरोस्पेससाठी सिस्टिम्स इंजिनिअरिंगमध्ये पदव्युत्तर शिक्षण थेट घ्यावे का?

गोकुळशिरगावकर
नमस्कार. मी मेकॅनिकलचा पदवीधर असून येथील औद्योगिक वसाहतीत कास्टिंगच्या मशिनिंग विभागात काम करतो. उपग्रह-प्रक्षेपकांच्या क्षेत्रात जायचे आहे. सिस्टिम्स इंजिनिअरिंगमध्ये नेमके काय शिकवतात, आणि हा विषय थेट घ्यावा की आधी एरोस्पेस करावे?

कक्षाभ्रमण
मोहिमेच्या उद्दिष्टातून गरजा लिहून काढणे, त्या उपप्रणालींना (यानातील इंजिन, वीज, संपर्क अशा भागांना) वाटून देणे, वजनाचा आणि विजेचा हिशेब राखणे आणि प्रत्येक गरज कोणत्या चाचणीने सिद्ध होणार हे आधीच ठरवणे, हा अभ्यासाचा गाभा आहे. नासाचे मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे मंगळयान १९९९ मध्ये गमावले गेले, ते एखादा भाग मोडल्यामुळे नव्हे. जमिनीवरचे एक सॉफ्टवेअर थ्रस्टरचा (यानाच्या छोट्या इंजिनाचा) आवेग, म्हणजे त्याने दिलेला एकूण धक्का, पौंड-फोर्स-सेकंदांत देत होते आणि पुढचे सॉफ्टवेअर तोच आकडा न्यूटन-सेकंदांत धरत होते, त्यामुळे हिशेब सुमारे साडेचार पटींनी चुकत गेला. विशेष म्हणजे, इंटरफेसच्या, म्हणजे दोन सॉफ्टवेअरमधील देवाणघेवाणीच्या, दस्तऐवजात न्यूटन-सेकंदच लिहिलेले होते. ते पाळले जाते की नाही, हे कोणी तपासले नाही. तुमच्याकडे ड्रॉइंगची जुनी आवृत्ती मशीनवर राहिली, तर फ्लँजची भोके समोरच्या भागाशी जुळत नाहीत, त्यातलाच हा प्रकार.

रंकाळा पश्चिम
वरील प्रतिसाद योग्य आहे, तरी माझे मत आधी एरोस्पेसच करावे असे आहे. चांद्रयान-२ साठी उतरण्याची जागा ५०० मीटर बाय ५०० मीटर होती, ती चांद्रयान-३ साठी ४ बाय २.४ किलोमीटर केली, लँडरचे पाय मजबूत केले आणि इंधनही वाढवले. अशा निर्णयांत एका उपप्रणालीला दिलेली सवलत दुसरीच्या वजनातून वसूल होते, आणि ती देण्याजोगी आहे का हे निदान एक उपप्रणाली मुळापासून जाणणाऱ्यालाच कळते. गेट परीक्षा मेकॅनिकलच्या पेपरने देऊनही पुष्कळ संस्थांत एरोस्पेसच्या एम.टेक.साठी अर्ज करता येतो. मुंबई आयआयटीचा सिस्टिम्स अँड कंट्रोलचा अभ्यासक्रम मात्र मुख्यतः नियंत्रण-सिद्धान्ताचा (यंत्रणा हवी तशी चालती ठेवण्याच्या गणिताचा) आहे, तेव्हा विषयांची यादी पाहूनच अर्ज करावा.

कक्षाभ्रमण
मान्य. अमेरिकेतील एमआयटीचा सिस्टिम डिझाइन अँड मॅनेजमेंट हा अभ्यासक्रमही अनुभवी अभियंत्यांसाठीच आखलेला आहे. अमेरिकेचा विचार असेल, तर खर्चाआधी एक गोष्ट लक्षात घ्यावी: संवेदनशील तंत्रज्ञान परकीयांच्या हाती जाऊ नये म्हणून केलेल्या तेथील निर्यात-नियंत्रण कायद्यांमुळे यान-उद्योगातील बहुतेक जागा नागरिक किंवा ग्रीनकार्डधारकांनाच मिळतात.