माळ्यावर लाल खोकं सापडलं. तुमचे औषधांचे किस्से सांगा

खिडकीतली चिमणी (भुसावळ): दिवाळीची आवराआवर चालू आहे. माळ्यावर पप्पांचं टीबीच्या गोळ्यांचं लाल खोकं मिळालं, २००९ चं. कोर्स संपल्यावर आईने मागून आणलं होतं, आत बटणं!
तेव्हा दिवसाआड गोळ्या, एकदम सात, त्याही आशाताईंसमोर गिळायच्या. पहिल्याच दिवशी लघवी लालभडक. पप्पांना वाटलं रक्तच पडतंय. गुपचूप दोन डोस बुडवले. आशाताई आल्या, पप्पा मोरीत लपले. बाईंनी बाहेरूनच आवाज दिला, "भाऊ, तो रिफाम्पिसिनचा रंग आहे, रक्त नाही!" गल्लीभर ऐकू गेलं. आई महिनाभर सगळ्यांना "साधा खोकला" सांगत होती, गेलं सगळं पाण्यात. सहा महिने पुरे केले मग. आता ७१ चे आहेत, रोज भांडतात.

रावेरचा भाचा: मोरीत लपले 😂😂 आता रोज असतात गोळ्या, २०१७ पासून दिवसाआड बंद झालं. मेव्हण्याचं चालू आहे. रंग तोच.

तापीकाठ: हिवताप. क्लोरोक्विन. कडू जहर, वर अंगाला खाज. आजी गुळात दडवून द्यायची, मी गूळ खायचो आणि गोळी भिंतीच्या फटीत. ताप उतरला की ते चौदा दिवसांचं प्रायमाक्विन कोण घेतं? जंतू लिव्हरमध्ये दडून बसलेले. पोळ्याला परत हुडहुडी, गोधड्या तीन. घर पाडलं तेव्हा फटीतून काय काय निघालं विचारू नका.

शहाद्याची सून: माय वं! फटीत?
आमच्याकडे सासूबाईंचं इन्सुलिन. मे महिना, लाइट गेलेली, म्हणून माठाखालच्या ओल्या वाळूत डबीत ठेवते. एकदा नणंदेने काळजीने फ्रीजरमध्ये ठेवलं. गोठलं, फेकलं. नणंद अजून रुसलेली आहे. (कुकर झाला, येते.)

केळीवाला: आमचे काका शुगरची गोळी घेतली की भरीत आणि कळण्याच्या पुऱ्यांना परवानगी मिळाली असं धरतात. मागच्या रविवारी सात पुऱ्या.

रावेरचा भाचा: सात गोळ्या, सात पुऱ्या. जमलं भो.

खिडकीतली चिमणी (भुसावळ): @केळीवाला वांगी बामणोदची का? या वेळी काय भाव आहे?

केळीवाला: भाव नका विचारू ताई, बीपीची गोळी घ्यावी लागेल.